कॅरिअर दात्याची रक्तपिशवी : विचारायचं काय, ओळखायची कशी, द्यायची कुणाला

दान झालेल्या प्रत्येक पिशवीच्या पाच चाचण्या सक्तीच्या असतात : एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन पुरेसं तयार न होणं), सिकल (सदोष हिमोग्लोबिनमुळे तांबडी पेशी विळ्यासारखी वाकणं) किंवा जी-सिक्स-पीडी (तांबड्या पेशीतलं एक रक्षक एन्झाइम कमी असणं) यांचं नाव त्या यादीत नाही. आईवडिलांकडून आलेला रक्तदोष घेऊन एखादा धडधाकट माणूस ठाण्यातल्या सोसायटीच्या शिबिरात येऊन रक्त देऊन गेला, तर त्याची पिशवी पाचही चाचण्या पार करून फ्रिजमध्ये जाते, आणि कुणालाच काही कळत नाही. बहुतेक वेळा त्यानं बिघडतही नाही. बिघडतं ते पिशवी चुकीच्या रुग्णाला गेली की. म्हणून हे काम दात्याला परत पाठवण्याचं कमी आणि पिशवीचा पत्ता बरोबर लिहिण्याचं जास्त आहे. पुढची माहिती शिबिर भरवणारे, रक्तपेढीतले नवे तंत्रज्ञ आणि नियमित रक्त लागणाऱ्या रुग्णांचे घरचे यांच्यासाठी आहे.

फॉर्म भरताना

छापील फॉर्मवर ‘काही रक्तविकार आहे का?’ असा प्रश्न असतो आणि शंभरातले शंभर जण ‘नाही’ असं लिहितात. कॅरिअरला, म्हणजे दोष जनुकांत बाळगणाऱ्या पण आजारी नसलेल्या माणसाला, त्रास नसतो, त्यामुळे आपल्याला विकार आहे असं त्याला वाटायचं कारणच नाही. प्रश्न घरगुती भाषेत विचारले की उत्तरं मिळतात.

घरात कुणाला दर महिन्याला रक्त चढवावं लागतं का? लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाऊनही एचबी (हिमोग्लोबिन) वाढत नाही, असं कधी झालंय का? जन्मल्यावर कावीळ इतकी वाढली होती का, की रक्त बदलावं लागलं? मलेरियाच्या गोळ्या घेतल्यावर लघवी काळ्या चहासारखी झाली होती का? प्लीहा काढली आहे का, किंवा अगदी तरुणपणी पित्ताशयात खडे निघाले का? दाढ काढल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत रक्त येत राहिलं होतं का?

पहिल्या दोन प्रश्नांना ‘हो’ आलं तर थॅलेसेमिया किंवा सिकल मनात धरा. तिसऱ्या-चौथ्याला जी-सिक्स-पीडी, पाचव्याला पेशीच्या आवरणाचा दोष आणि सहाव्याला रक्त गोठण्याचा. पेशी फुटून कावीळ किंवा काळी लघवी झाल्याचा इतिहास असेल तर त्या दात्याचं रक्त घेऊ नये. रक्तस्रावाचा विकार असेल तरीही नाही. हे प्रश्न डॉक्टरांच्या टेबलावर, जरा आडोशाला विचारावेत. मांडवात सगळ्यांसमोर ‘तुमच्या घरात थॅलेसेमिया आहे का?’ असं विचारलं तर खरं उत्तर येणार नाही. लग्नाच्या वयाची पोरं तर मुळीच सांगणार नाहीत.

जात किंवा समाज पाहून दाता टाळणं मात्र चुकीचं आहे. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं वसली ते उल्हासनगर ठाणे जिल्ह्यातच आहे, आणि सिंधी, कच्छी भानुशाली, लोहाणा या समाजांत थॅलेसेमिया मायनरचं, म्हणजे थॅलेसेमियाच्या कॅरिअरचं, प्रमाण देशाच्या ३ ते ४ टक्के सरासरीपेक्षा जास्त आहे. सिकल शहापूर-मुरबाडकडच्या आणि पालघरच्या आदिवासी समाजांत आढळतो. विदर्भ-खानदेशातून ऐरोली, घणसोलीत नोकरीला आलेल्यांतही तो असू शकतो. ही माहिती कुठली तपासणी आधी करायची हे ठरवायला वापरा.

मोरचुदाच्या थेंबाला काय दिसत नाही

दात्याचं हिमोग्लोबिन दर १०० मिलीला किमान १२.५ ग्रॅम हवं, बाई असो वा पुरुष. ते पाहायला दात्याच्या रक्ताचा थेंब मोरचुदाच्या द्रावणात टाकतात. द्रावणाची घनता १.०५३ ठेवतात. थेंब १५ सेकंदांत तळाला गेला की दाता पास. ३० मिली द्रावण २५ चाचण्यांना पुरतं, मग ते बदलायचं. मोठ्या शिबिरात गर्दी झाली की हेच विसरलं जातं, आणि दुपारनंतर निकालांवर भरवसा ठेवता येत नाही.

हा थेंब एकूण हिमोग्लोबिन पुरेसं आहे की नाही एवढंच सांगतो. पेशी किती, केवढ्या आणि आत कुठल्या जातीचं हिमोग्लोबिन आहे, हे त्याला कळत नाही. थॅलेसेमिया मायनर असलेल्या बायका बहुधा इथंच अडकतात. पुरुष १२.५ ते १३.५ च्या पट्ट्यात असला तर सहज पुढे जातो. काठावर पास झालेल्या दात्याची सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घेतली तर पुष्कळ काही हाती लागतं. एमसीव्ही (पेशीचं सरासरी आकारमान) ८० च्या खाली, एमसीएच (एका पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) २७ च्या खाली आणि तांबड्या पेशींची संख्या मात्र ५० लाखांच्या वर असेल तर एमसीव्हीला पेशींच्या संख्येनं, दशलक्षात मोजून, भागा. उत्तर १३ च्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनरचा संशय, वर आलं की लोहाची कमतरता जास्त संभवते. ६४ ला ५.८ नं भागलं की ११ येतं. असा दाता एचपीएलसीला, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीला, पाठवावा.

सीबीसी यंत्र हाताशी नसेल तर नेस्ट्रॉफ्ट ही स्वस्त चाचणी आहे. ०.३६ टक्के बफर केलेलं मिठाचं पाणी २ मिली एका नळीत घ्या, त्यात २० मायक्रोलिटर रक्त मिसळा. शेजारच्या नळीत तेवढंच डिस्टिल्ड वॉटर आणि तेवढंच रक्त. खोलीच्या तापमानाला २० ते ३० मिनिटं ठेवून दोन्ही नळ्या पांढऱ्या कागदावरच्या काळ्या रेघेसमोर धरा. रेघ स्वच्छ दिसली तर निगेटिव्ह, गढूळपणामुळे पुसट झाली किंवा दिसेनाशी झाली तर पॉझिटिव्ह. पातळ मिठाच्या पाण्यात साधी पेशी फुगून फुटते. मायनरची पेशी अर्धी भरलेल्या पाण्याच्या पिशवीसारखी सैल असते, म्हणून ती फुगते पण फुटत नाही. लोहाच्या कमतरतेतही ही चाचणी पॉझिटिव्ह येते, तेव्हा तिला अंतिम मानू नका. नळीत साबण राहिला असेल किंवा द्रावण जुनं असेल तरी निकाल फसतो.

एचपीएलसीत हिमोग्लोबिन ए-टू ४ टक्के किंवा जास्त असेल तर मायनर नक्की. ३.५ ते ३.९ हा कुंपणावरचा पट्टा. लोह कमी असेल तर ए-टू खोटं खाली येतं, म्हणून फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) पाहून, लोह भरून काढून पुन्हा मोजावं.

थॅलेसेमिया मायनरची पिशवी

पेशी सैल असल्यामुळे साठवणीत त्या कमी फुटतात, असं ग्रीसमधल्या संशोधकांच्या कामातून दिसलं आहे. म्हणजे मायनरची पिशवी लवकर खराब होते हा समज धरून बसू नये. प्रश्न मालाच्या वजनाचा आहे. १२.५ एचबीच्या दात्याच्या ३५० मिली रक्तात सुमारे ४४ ग्रॅम हिमोग्लोबिन जातं, १५ एचबीच्या दात्याच्या रक्तात साडेबावन्न. लेबलवर दोन्ही पिशव्या सारख्याच दिसतात. अपघातात एकदाच रक्त लागणाऱ्या माणसाला या फरकानं काही होत नाही. पण थॅलेसेमिया मेजरच्या, म्हणजे दोष दोन्ही पालकांकडून आलेल्या, मुलाला दर २ ते ५ आठवड्यांनी रक्त लागतं आणि रक्त देण्याआधीचं एचबी ९.५ ते १०.५ च्या दरम्यान राखायचं असतं. त्याला सतत हलक्या पिशव्या गेल्या तर दोन खेपांमधलं अंतर कमी होतं, वर्षाला पिशव्या वाढतात, वेगवेगळ्या दात्यांशी संबंध वाढतो आणि दात्यांच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार होण्याची शक्यताही. अशा मुलांसाठी भारी पिशव्या बाजूला काढाव्यात, मायनरच्या पिशव्या इतरांना द्याव्यात.

दात्याच्या बाजूनंही एक चूक नेहमी होते. मायनर म्हणजे शरीरात लोह भरपूर, असं समजून लोहाकडे बघितलंच जात नाही. ३५० मिली रक्ताबरोबर दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास लोह जातं. वर्षातून तीन वेळा देणाऱ्या मायनर पुरुषाचं लोह इतरांसारखंच खाली येतं. उलट टोकाला, फेरिटिन न बघता वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या देणारेही आहेतच. दोन्हीला एकच उत्तर : फेरिटिन मोजा.

सिकल कॅरिअर : फिल्टर अडलं की

सिकल कॅरिअरच्या पेशीत साधारण ३५ ते ४० टक्के हिमोग्लोबिन एस, म्हणजे सिकलचं सदोष हिमोग्लोबिन, असतं. शरीरात ऑक्सिजन पुरेसा असल्यानं ते गप्प बसतं. पिशवीत गेल्यावर परिस्थिती बदलते. रक्त शिरेतलं, म्हणजे ऑक्सिजन आधीच कमी. गोठू नये म्हणून पिशवीत घातलेल्या सायट्रेटमुळे ते आम्लाकडे झुकतं. द्रावणातल्या साखर-क्षारांमुळे पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. या सगळ्यानं एसच्या साखळ्या तयार होतात आणि पेशी ताठ होते. पांढऱ्या पेशी गाळणाऱ्या ल्युकोफिल्टरच्या धाग्यांतून जायला तांबड्या पेशीला दुमडावं लागतं. ताठ पेशी दुमडत नाही.

परिणाम दोन प्रकारे दिसतो. एक, नेहमी अर्ध्या तासाच्या आत गाळून होणारी पिशवी तासाभरानंतरही अर्धी लटकलेली असते. दुसरा प्रकार जास्त फसवा : पिशवी हळूहळू गाळून निघते, सगळे सुटकेचा श्वास सोडतात, पण पांढऱ्या पेशी हव्या तेवढ्या गळलेल्या नसतात. एका युनिटमध्ये ५० लाखांपेक्षा कमी राहायला हव्यात. त्या मोजल्याशिवाय, रखडत गाळलेल्या पिशवीवर ‘ल्युकोरिड्यूस्ड’ असं लेबल चिकटवू नका.

फिल्टर थांबलं की क्रम असा ठेवा. आधी क्लॅम्प पूर्ण उघडा आहे का, नळी मुडपली आहे का, फिल्टरमध्ये हवा अडकली आहे का आणि पिशवी पुरेशा उंचीवर आहे का ते पाहा. मग पिशवीत गुठळी आहे का ते हातानं चाचपा. रक्त घेताना पिशवी नीट हलवली गेली नसेल तर गोठणं थांबवणारं अँटिकोअॅग्युलंट सगळीकडे पोचत नाही आणि गुठळ्या होतात. हे काही नसेल तर दात्याकडे वळा. पिशवी दाबून रक्त पुढे ढकलायचा मोह होतो, तो टाळा. पेशी फुटतात आणि फिल्टरही निकामी होतं.

सेगमेंटमधल्या, म्हणजे पिशवीच्या नळीच्या सीलबंद तुकड्यातल्या, पेशी सलाइननं धुऊन सिकल सोल्युबिलिटी चाचणी करा. सोडियम डायथायोनाइट घातलेलं बफर २ मिली, त्यात १० ते २० मायक्रोलिटर पेशी, ५ मिनिटं थांबून मागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसेनाशा झाल्या तर एस आहे. पेशी धुण्याचं कारण असं, की प्लाझ्मात (रक्तातल्या द्रवात) चरबी किंवा प्रथिनं जास्त असतील तर एस नसतानाही द्रावण गढूळ दिसतं. निकाल पॉझिटिव्ह आला तरी एचपीएलसीनं पक्कं करूनच दात्याला कळवावं. दात्यानं पुढच्या वेळी त्याच रक्तपेढीत रक्त दिलं तर फिल्टर नसलेल्या पिशवीतच घ्यायचं, अशी नोंद त्याच्या कार्डावर हवी. सिकल कॅरिअरच्या पेशी ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवणंही टाळतात. नेहमीच्या पद्धतीनं धुताना त्या फुटतात किंवा जेलीसारख्या होतात.

ही पिशवी सिकलच्या रुग्णाला कधीच नको. त्याचं रक्त बदलताना एस ३० टक्क्यांखाली आणायचं असतं, आणि आपणच ३८ टक्के एस असलेली पिशवी लावली तर तो आकडा हलणार कसा? नवजात बाळाचं रक्त बदलण्यासाठी, गर्भातल्या बाळासाठी किंवा ऑक्सिजन फार खाली गेलेल्या रुग्णासाठीही ती नको. बाकी प्रौढ रुग्णाला शस्त्रक्रियेत वगैरे ती चालते.

जी-सिक्स-पीडी : गंज

हा दोष दिसत नाही, एचबीवर कळत नाही, सीबीसीतही सापडत नाही. जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम म्हणजे तांबड्या पेशीचा गंजरोधक रंग. ते कमी असलं तरी रोजच्या जगण्यात पेशी तग धरते. पिशवीत आठवडे काढताना मात्र, पावसाळ्यातल्या खिडकीच्या ग्रिलसारखी, ती आतून गंजत जाते. ४२ दिवस साठवलेल्या पेशी शरीरात सोडल्यावर २४ तासांनी किती उरतात, हे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात मोजलं गेलं. साध्या दात्यांच्या पेशी सुमारे ८५ टक्के उरल्या, जी-सिक्स-पीडी कमी असलेल्यांच्या ७८ टक्क्यांच्या आसपास. ७५ टक्के ही किमान पातळी धरली जाते, म्हणजे सरासरी पास, पण काही पिशव्या खाली जाणार.

दोष एक्स गुणसूत्रावरचा, त्यामुळे पुरुषांत जास्त. भारतात सापडणाऱ्या प्रकारांपैकी एकाच्या नावातच आपलं कल्याण आहे. ‘कल्याण’ आणि ‘केरळ’ अशा नावांनी वेगळे नोंदलेले दोन प्रकार एकाच जनुकबदलाचे आहेत, हे १९९२ मध्ये दाखवलं गेलं, तेव्हापासून त्याला केरळ-कल्याण म्हणतात. पारशी समाजातही हा दोष बराच आढळतो.

सर्वांत मोठा धोका नवजात बाळाला. कावीळ उतरावी म्हणून बाळाचं रक्त बदलायचं आणि दिलेल्या पेशी आत फुटून पुन्हा बिलिरुबिन (काविळीचा पिवळा घटक) वाढवायच्या, असा उलटा खेळ होतो. बदल करूनही कावीळ अपेक्षेइतकी उतरली नाही, तर बाळाबरोबरच दात्याच्या सेगमेंटचीही जी-सिक्स-पीडी तपासणी करा. दुसरा धोका अशा पेशी फोडणाऱ्या औषधांचा. व्हायव्हॅक्स मलेरियासाठी प्रायमाक्विन १४ दिवस चालतं. डॅप्सोन, रॅसब्युरिकेस, मिथिलीन ब्लू हीही त्याच पंगतीतली. रुग्णाचं स्वतःचं एन्झाइम उत्तम असेल, पण त्याला दिलेली पिशवी दोषी असेल तर तेवढ्या पेशी फुटतात. रक्त दिल्यावर एचबी पहिल्या दिवशी वाढलं आणि तिसऱ्या दिवशी पडलं, क्रॉसमॅच (रक्त जुळतं का ही चाचणी) आणि कूम्ब्स (पेशींना चिकटलेल्या अँटिबॉडीची चाचणी) दोन्ही स्वच्छ, अशा वेळी ही शक्यता आठवावी.

फ्लुओरेसंट स्पॉट चाचणी पुरेशी आहे. रक्त आणि रिएजंट मिसळून सुरुवातीला, ५ आणि १० मिनिटांनी एकेक थेंब फिल्टर पेपरवर टाकायचा, वाळल्यावर अतिनील दिव्याखाली बघायचा. चमकला तर एन्झाइम आहे. दात्याच्या पेशी नुकत्याच फुटल्या असतील तर रक्तात कोवळ्या पेशी जास्त असतात, त्यांच्यात एन्झाइम भरपूर असतं आणि निकाल खोटा नॉर्मल येतो. अशा दात्याची तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करावी. वाहक बायका या चाचणीत बऱ्याचदा सुटतात.

सगळ्या दात्यांची ही चाचणी करायला पैसा आणि हात दोन्ही कमी पडतात. मग ती तीन ठिकाणी करा : बाळाच्या रक्तबदलाची पिशवी, गर्भातल्या बाळासाठीची पिशवी आणि थॅलेसेमियाच्या मुलांचे नेहमीचे ठरलेले दाते. तेवढ्यानं मोठा धोका टळतो.

गुलाबी पिशवी कुणामुळे

पिशवी उभी ठेवल्यावर वरचा भाग गुलाबी दिसला की आधी शेजारच्या पिशव्या पाहा. एकाच शिबिरातल्या चार-पाच पिशव्या गुलाबी असतील तर दोष दात्यांचा नाही. बॉक्स घोडबंदर रोडवर उन्हात अडकला असेल किंवा बर्फाची लादी पिशव्यांना थेट टेकली असेल. एकच पिशवी गुलाबी आणि तिला वास, बुडबुडे किंवा काळसर झाक असेल तर जंतुसंसर्ग समजून ती वेगळी काढा आणि कल्चरला पाठवा. एकटीच गुलाबी, बाकी सगळं ठीक, आणि त्याच दात्याची मागची पिशवीही अशीच झाली होती, तर दाता तपासायचा. जन्मजात गोल पेशींचा दोष इथं सापडतो. मायनरच्या बरोबर उलट, ही पेशी आधीच फुगलेल्या फुग्यासारखी तट्ट असते, जरा पाणी शिरलं की फुटते. दात्याच्या सीबीसीत एमसीएचसी (पेशीतल्या हिमोग्लोबिनची दाटी) ३६ च्या वर दिसला तर स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त) सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या.

रंगावर निकाल देऊ नका, मोजा. शंभरातून हिमॅटोक्रिट (तांबड्या पेशींचा टक्का) वजा करा, प्लाझ्मातल्या मोकळ्या हिमोग्लोबिननं गुणा, पिशवीतल्या एकूण हिमोग्लोबिननं भागा, दोन्ही दर १०० मिलीला ग्रॅममध्ये. हिमॅटोक्रिट ६०, मोकळं ०.२ ग्रॅम, एकूण २० ग्रॅम : ४० गुणिले ०.२ भागिले २०, म्हणजे ०.४ टक्के. मोकळं ०.६ असतं तर १.२ टक्के, आणि १ टक्क्याची मर्यादा ओलांडली असती. डोळ्यांना गुलाबी रंग ०.१ टक्क्यालाही दिसू लागतो. मोजून होईपर्यंत पिशवी क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळी, राहू द्या.

पिवळाधमक प्लाझ्मा ही वेगळी गोष्ट. गिल्बर्ट सिंड्रोम असलेल्या दात्याचं बिलिरुबिन जन्मापासून थोडं वर असतं. तांबड्या पेशी उत्तम असतात, फक्त प्लाझ्मा दिसायला वाईट. हिपॅटायटिसच्या चाचण्या स्वच्छ असल्या तरी असा प्लाझ्मा बहुतेक ठिकाणी बाजूला काढतात.

घरच्यांचं रक्त

थॅलेसेमिया किंवा सिकलच्या मुलाला रक्त लागलं की आईवडील, काका, भाऊ दंड पुढे करतात. भावना समजते, पण हे रक्त त्याच मुलाला देऊ नये. आईवडील दोघंही कॅरिअर असतात, आणि निरोगी दिसणाऱ्या भावंडांपैकी तिघांत दोघं कॅरिअर असण्याची शक्यता असते. सिकलमध्ये म्हणजे एसवाल्याला पुन्हा एसच. शिवाय रक्ताच्या नात्यातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात तग धरून त्याच्यावरच उलटू शकतात, म्हणून अशी पिशवी द्यावीच लागली तर २५ ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) इतक्या किरणांनी किरणित करावी लागते. पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपण करायचं असेल तर घरच्यांचं रक्त आधी गेल्यानं ते कठीण होतं. त्यांचं रक्त घ्या, बदल्यात दुसऱ्याची पिशवी द्या.

आणखी एक घोटाळा इथंच होतो. रक्त दिल्यानंतर रुग्णाची एचपीएलसी केली तर रिपोर्टात दात्याचं हिमोग्लोबिन मिसळतं. रिपोर्टच्या आलेखात एस किंवा डी (हिमोग्लोबिनचा आणखी एक वेगळा प्रकार) यांचं एखादं लहानसं शिखर दिसतं, घरचे हादरतात, आणि ते असतं सिकल कॅरिअर किंवा हिमोग्लोबिन डीवाल्या दात्याचं. पहिल्या पिशवीच्या आधीच ईडीटीएच्या जांभळ्या नळीत नमुना काढून ठेवा. राहून गेलं असेल तर शेवटच्या रक्तानंतर तीन-चार महिने थांबा. तेवढं थांबता येत नसेल तर आईवडिलांची एचपीएलसी करून उत्तर काढा.

दात्याला निकाल कळवताना फोनवर फक्त ‘एका रिपोर्टसाठी येऊन जा’ एवढंच सांगा, आणि तेही त्यालाच. समोर बसल्यावर सांगायच्या गोष्टी थोड्या : तुम्ही आजारी नाही, मायनरचा मेजर होत नाही, एचबी १२.५ असेल तर पुढेही रक्त देता येईल. लग्न व्हायचं असेल किंवा मूल हवं असेल तर जोडीदाराची एचपीएलसी करा. दोघंही कॅरिअर निघाले तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता मेजरची असते आणि १० ते १२ आठवड्यांत गर्भाची तपासणी होते. जी-सिक्स-पीडी असेल तर टाळायच्या औषधांची चिठ्ठी हातात द्या, आणि कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही काढायला सांगा. रिपोर्टची प्रत त्याच्या हाती, नोंद आपल्या रजिस्टरमध्ये. शिबिराच्या आयोजकाला यातलं काहीही कळवायचं नाही, तो सोसायटीचा सेक्रेटरी असला तरी.